रोमांचाचा पंचनामा

गेल्या शनिवारी रात्री, जेवण आटोपून सुपारी कातरीत आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसलो असता, एका गायनस्पर्धेच्या परीक्षकमहाशयांनी आपल्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली, तो उघडा हात प्रथम सहपरीक्षकांच्या व नंतर कॅमेऱ्याच्या पुढे धरला आणि सद्गदित कंठाने ‘हे पाहा, काटा आलाय काटा!’ असे उद्गार काढले. तेव्हा कॅमेऱ्यानेही कर्तव्यबुद्धीने जवळ जाऊन त्या हाताचे जे दर्शन घडविले, त्यात एक घड्याळ, दोन गंडे आणि मध्यम प्रतीचा केशसंभार आम्हांस स्पष्ट दिसला. काटा दिसला नाही. आमचा चष्मा जुना आहे ही गोष्ट खरी. पण सौभाग्यवतींचा नवा आहे, आणि त्यांनाही तो दिसला नाही.

त्या रात्रीपासून आम्ही रीतसर रोजकीर्द ठेवू लागलो. दुसऱ्या दिवशीच्या भागात सात गाणी झाली. पैकी पाचांस काटा, एकास डोळ्यांत पाणी, आणि उरलेल्या एकास काटा व पाणी अशी दुहेरी मंजुरी मिळाली. स्पर्धकाच्या वडिलांची रिक्षा, आईचे शिवणयंत्र आणि त्याच्या अंगातील जाकिटाचा रंग यांवरही सविस्तर अभिप्राय झाले. षड्ज, पंचम, लय, सम या शब्दांसाठी आखलेला रकाना कोरा राहिला. ‘सूर’ हा शब्द एकदा आला, तोही साबणाच्या जाहिरातीत.

आता एखाद्या फौजदाराने मुद्देमाल न पाहता, पंचांची सही न घेता, केवळ फिर्यादीच्या जबानीवर खटला उभा केला तर न्यायाधीश त्यास दाराबाहेर काढील. परंतु येथे फिर्यादी तोच, पंच तोच, मुद्देमाल त्याच्याच बाहीखाली आणि निकालही त्याचाच, अशी सोयीची व्यवस्था आहे. काटा खरोखर आला काय, आला असल्यास मनगटापासून किती बोटांपर्यंत आला, ध्रुवपदाला आला की अंतऱ्याला, आणि जाहिराती संपेपर्यंत टिकला काय, याची रुजुवात करणारा एकही कारकून त्या झगमगाटात नेमलेला नाही.

बरे, काटा आला असे क्षणभर मान्य केले, तरी तो गाण्यानेच आला हे कशावरून? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, आणि त्यांतील रोमांचाची कारणे देताना स्पर्श, भय, शीत, हर्ष, क्रोध व रोग अशी सहा नावे मोजली आहेत. म्हणजे सहांपैकी हर्षाच्या वाट्याला एक हिस्सा येतो आणि उरलेले पाच हिस्से बेवारस पडतात. ज्या दालनात हे गायन चालते तेथे दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून वातानुकूलन यंत्रे अशा कडाक्याने सोडलेली असतात की मागच्या रांगेतील प्रेक्षक स्वेटर घालून टाळ्या वाजवितात. तेव्हा शीत हे कारण प्रथमदर्शनी अधिक बळकट ठरते. पुढच्या पर्वाचा करारनामा अद्याप हाती आलेला नसल्यास भयही संभवते. शेजारच्या परीक्षकाची खुर्ची आपल्या खुर्चीपेक्षा दोन इंच उंच असल्याचे ध्यानात आले तर क्रोध आलाच. रोगाविषयी आम्ही बोलत नाही. ज्याची त्याची प्रकृती. पण एवढ्या साऱ्या संशयितांना मोकळे सोडून एकट्या हर्षाला पकडून आणावयाचे, आणि तेही एका वीस वर्षांच्या पोराने मुखड्यातच ताल सोडल्यानंतर, हा कोणत्या दंडसंहितेतील न्याय आहे? शिवाय उरलेल्या भावांची वाटणीही एव्हाना झालेली दिसते. अश्रू सहपरीक्षक बाईंकडे आहेत. स्तंभ सूत्रसंचालकाकडे, कारण निकालाचे पाकीट उघडण्यापूर्वी तो इतका वेळ निश्चल उभा राहतो की आमच्या घरी दूध तापून उतू जाते. स्वेद वाद्यवृंदाचा, त्या बिचाऱ्यांची नावे शेवटी ज्या वेगाने पडद्यावरून धावतात तो वेग पाहून आम्हांला आगगाडीची आठवण होते. स्वरभेदाचा मक्ता अर्थात स्पर्धकांनी घेतलेला आहे. प्रलय म्हणजे मूर्च्छा तेवढी शिल्लक आहे, आणि ती महाअंतिम फेरीसाठी राखून ठेवली असावी असा आमचा कयास आहे.

वास्तविक गाणे पारखण्याचे दप्तर आपल्या मुलखात फार पूर्वी नीट लावून ठेवलेले आहे. तेराव्या शतकात देवगिरीस यादवांचा सिंघण राजा राज्य करीत असता त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याच्याकडे श्रीकरणाचे, म्हणजे आजच्या भाषेत हिशेबखात्याचे काम असे, आणि त्याच माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिशेबनीसच तो, गायकाच्या गुणांची जमा मांडून तो थांबला नाही, खर्चाची बाजूही त्याने पुरी मांडली, आणि गायकाचे पंचवीस दोष नावानिशी नोंदविले. दात आवळून गाणारा तो संदष्ट. आरडाओरड करणारा उद्घुष्ट. भिऊन गाणारा भीत. कावळ्यासारख्या आवाजाचा काकी. उंटासारखी मान उंच करणारा करभ. गाल फुगवून गाणारा तुंबकी. डोळे मिटून गाणारा निमीलक. कपाळाच्या, मानेच्या शिरा ताणून गाणाऱ्यासाठीही त्याच्याजवळ झोंबक असा नामी शब्द आहे, आणि तो शब्द उच्चारला की आमच्या डोळ्यांसमोर गेल्या तीन पर्वांतील विजेते ओळीने उभे राहतात. पंचवीस दोष! सुमारे आठशे वर्षांपूर्वी, डोंगरी किल्ल्याच्या सावलीत, एका सरकारी नोकराच्या कानाला पंचवीस प्रकारची चूक वेगवेगळी ऐकू येत होती, आणि आज लक्षावधी रुपयांच्या ध्वनियंत्रणेपुढे बसलेल्या कानाला एकही येत नाही. जे काही यावयाचे ते कातडीला येते.

येथवर आम्ही विनोदाने लिहीत होतो. परंतु याच स्पर्धेत एक अकरा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्याविषयी आम्हांला विनोदाने लिहिता येत नाही. तिला प्रौढ विरहिणीचे गीत, प्रौढ विरहिणीची साडी आणि प्रौढ विरहिणीचे मुरके देऊन उभे केले होते. ओळीने चार आठवडे तिच्या गाण्याला काटा आला. अंतऱ्यात तारषड्जाला पोहोचताना तिचा सूर दर वेळी किंचित खाली राहत होता, हे पेटीवर दोन वर्षे बोटे आपटून परत आलेल्या आमच्यासारख्या इसमालाही कळत होते; ते परीक्षकांस कळत नसेल तर त्यांनी त्या खुर्चीत बसू नये, आणि कळूनही ते बोलत नसतील तर त्यांनी आरशासमोरही बसू नये. पाचव्या आठवड्यात मते कमी पडली म्हणून तिला घरी पाठविले. जाताना तिला सांगितले की, तू आमच्या दृष्टीने विजेतीच आहेस. पोर हमसून रडत होती, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. का हरलो, हे तिला कोणी सांगितले नाही. तो उतरलेला षड्ज जसा घेऊन आली होती तसाच तो घेऊन ती गावी परत गेली. एका शब्दात दुरुस्त होण्याजोगा दोष चार आठवडे टाळ्यांखाली दाबून ठेवणे याला आम्ही कौतुक म्हणत नाही. लेकराची फसवणूक म्हणतो, आणि ती करणाऱ्यांनी आपल्या बाह्या खाली घ्याव्यात.

मिरजेस, तंबोरे जेथे होतात त्या गल्लीत, आम्ही पूर्वी एकदा एका कारागिराच्या दुकानात तासभर बसलो होतो. भोपळा मांडीवर टेकवून तो जवारी काढीत होता. घोडीवर कानस हलकेच फिरवावी, तारेखाली दोरा सारावा, तार छेडावी, कान जवळ न्यावा, दोरा केसभर मागे घ्यावा, पुन्हा छेडावी. असे चौथ्या तारेपर्यंत चालले होते. मध्येच एका गिऱ्हाइकाने ‘वा, काय गोड वाजतोय!’ म्हटले, तर त्याने मान वर न करता ‘अजून बोलत नाही तो’ एवढेच उत्तर दिले. त्याच्या हातावर काटा आला होता की काय हे आम्ही पाहिले नाही. बाह्या मात्र त्याच्या सकाळपासूनच दुमडलेल्या होत्या.

आमचे शेजारी तालुका कचेरीतून नाझर म्हणून सेवानिवृत्त झाले आहेत. गाण्यातले त्यांना काही कळत नाही, आणि तसे ते मोकळेपणाने सांगतात. परंतु पाटीवर पेन्सिल करकरली की त्यांच्या दोन्ही हातांवर खांद्यापर्यंत सरसरून काटा येतो, आणि तो सात-आठ मिनिटे ठळक राहतो, हे आम्ही प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहिले आहे. पुढील पर्वासाठी परीक्षकपदाचा अर्ज त्यांनी कालच टपालात टाकला. आमच्या नातवाची पाटी ते सरावासाठी घेऊन गेले असून, सदऱ्याच्या बाह्या शिंप्याकडे सैल करावयास दिल्या आहेत.