वुहानदर्शनाची शास्त्रोक्त पद्धती

चीनच्या हुबेई प्रांताची राजधानी असलेले वुहान हे यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर वसलेले नगर असून वुचांग, हानखौ आणि हानयांग या तीन जुन्या शहरांचे ते एकत्रित नाव आहे, ही गोष्ट सहल कंपनीच्या रंगीत पत्रिकेत सहसा आढळत नाही. पत्रिकेत ‘प्राचीन मनोरा, भव्य पूल, खरेदी, मुक्काम’ एवढाच मजकूर असतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्या पत्रिकेवर विसंबून निघणाऱ्या सर्वच पर्यटकांसाठी असले तरी ते मुख्यतः एका पर्यटकाला उद्देशून सिद्ध केले आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे. प्रत्येक मराठी सहलीत तो असतो आणि विमानतळावरच त्याला ‘काका’ ही पदवी प्राप्त होते.

काका म्हणजे बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, गुडघे वगळता सर्वांगाने धडधाकट, आणि समोर येणारी प्रत्येक वास्तू ‘हे ओरिजिनल आहे का?’ या एकाच कसोटीवर घासून पाहणारे गृहस्थ. त्यांची परीक्षापद्धती अशी : प्रथम मान वर करून वास्तूकडे संशयाने पाहणे, मग खांबाजवळ जाऊन उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने तीनदा टकटक करणे, आणि कान थोडा तिरका करून ‘काँक्रीट’ असा निकाल देणे. हा निकाल ऐकून बाकीच्या पंचवीस जणांचा विरस होतो, तो काकांच्या लक्षात येत नाही. आला तरी ते सत्यापुढे त्याची पर्वा करत नाहीत.

प्रस्थानापूर्वीचा नियम पुढीलप्रमाणे आहे. वुहानला जाणार असे सोसायटीच्या फाटकाशी सांगताच किमान तिघे जण मास्कचा विनोद करतात आणि तो आपल्यालाच प्रथम सुचला असे तिघांनाही वाटते. हा विनोद सामानात भरू नये. 23 जानेवारी 2020 पासून 8 एप्रिलपर्यंत, म्हणजे 76 दिवस, करोनाच्या साथीमुळे हे एक कोटीहून अधिक वस्तीचे शहर बंद होते. ज्या बाईच्या गाडीवर सकाळी नाश्ता घ्यायचा तिच्या घरचे कुणी त्या दिवसांत गेले नसेलच, असे सांगता येत नाही. त्या लोकांनी विषय काढला तर ऐकावे. पर्यटकाने स्वतः काढू नये.

ऋतूंविषयी मतभेदाला जागा नाही. वुहानची गणना चीनमध्ये परंपरेने ‘भट्टी’ म्हणवल्या जाणाऱ्या शहरांत होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तेथे जाणे म्हणजे पैसे भरून घामाघूम होणे होय. उलट हिवाळ्यात उत्तर चीनप्रमाणे घरे उबदार ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था इतक्या दक्षिणेला नसल्यामुळे बाहेरच्या थंडीतून घरातल्या थंडीत प्रवेश होतो. मार्चच्या उत्तरार्धात वुहान विद्यापीठाच्या आवारात चेरीची झाडे फुलतात, पण तेव्हा फुलांइतकीच माणसे असतात आणि आगाऊ नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सर्वोत्तम होय. दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास येते, हा योगायोग सहल कंपन्यांनाही ठाऊक असतो आणि दर त्याप्रमाणे ठरतात.

व्यवहाराची सिद्धता करताना पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा, कारण रेल्वेचे तिकीट असो वा संग्रहालयाचा प्रवेश, तोच ओळखपत्र मानला जातो. रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा फोनवर चौकट टिपून पैसे घेतो, म्हणून अलीपेसारखे अ‍ॅप घरीच उतरवून त्यास आपले कार्ड जोडून घ्यावे. नोट पुढे केल्यास ती नाकारली जाईल असे नाही, परंतु सुटे शोधताना विक्रेत्याचा चेहरा जो होतो तो टाळण्यासारखा असतो. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालत नाहीत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर मात्र ते बहुधा चालतात, कारण त्या सिमची वाहतूक स्वदेशी जाळ्यातून फिरून येते. तरीही आठवडाभर ‘सुप्रभात’चे गुलाब न आल्याने कोणत्याही पर्यटकाच्या प्रकृतीस अपाय झाल्याचे ज्ञात नाही. काकूंसाठी स्वतंत्र सूचना अशी की स्थानके, गाड्या आणि विमानतळ येथे उकळते पाणी फुकट आणि मुबलक मिळते. चहाची पूड, साखर, दुधाची भुकटी आणि झाकणाचा पेला एवढे बरोबर असले की काकांच्या तक्रारींपैकी निम्म्या परस्पर निकालात निघतात.

आहारप्रकरण विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सहल कंपनी सकाळी हॉटेलात ब्रेड-बटर आणि संध्याकाळी भारतीय उपाहारगृहात पनीर चारून पर्यटकास त्या शहराच्या चवीपासून कसोशीने वाचवत असते. वुहानचे लोक सकाळचे खाणे रस्त्यावर खातात, आणि पुष्कळदा चालता चालता खातात. रगानमिएन हा त्या खाण्याचा राजा होय : आधी उकडून, तेल लावून, पसरून गार केलेल्या शेवया बांबूच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुचकळतात, झटकून कागदी वाडग्यात टाकतात आणि वर दाट तिळाचे वाटण, सोया, मुरवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे, हिरवी कांद्याची पात आणि मागाल तेवढे तिखट तेल घालतात. वाडगा हातात पडताच बुडापासून भराभर कालवावे. फोटो काढत बसल्यास वाटण घट्ट होते, शेवयांचा गोळा होतो आणि दोष स्वयंपाक्याला दिला जातो. शाकाहारी पर्यटकाने लक्षात ठेवावे की काही ठिकाणी यावर मांसाच्या रश्शाचा पळीभर ओघ घालतात. त्यासाठी ‘मांस नको, मांसाचा रस्सा नको, चरबी नको’ असे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड दाखवावे, हातवारे करू नयेत, कारण हातवाऱ्यांचा अर्थ ‘अजून घाला’ असाही होतो. तांदूळ आणि सोयाबीनच्या पिठाचा, मध्ये पातळ व कडेला फुगीर असा मिएनवो नावाचा तळलेला पदार्थ पाहून ‘हा तर मेदूवडा!’ असे उद्गार निघणारच; ते रोखण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळावे. वुचांगमधील साप टेकडीवर उभा असलेला ह्वांगह लौ, म्हणजे पिवळ्या क्रौंचाचा मनोरा, इ.स. 223 मध्ये प्रथम उभारला गेला असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. काका त्या आकड्यावर विश्वास ठेवून वर चढतात, आत लिफ्ट पाहतात, खांबावर टकटक करतात आणि फसवणुकीचा आरोप करतात. त्यांची बाजू तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. आजचा मनोरा 1981 ते 1985 या काळात सिमेंट-काँक्रीटने बांधला गेला. तो मूळ जागेवरही नाही, तेथून सुमारे एक किलोमीटर आत आहे. परंतु येथे शास्त्र असे सांगते की मनोऱ्याच्या आत वेगवेगळ्या राजवटींतील मनोऱ्यांच्या ज्या प्रतिकृती मांडल्या आहेत त्या आधी पाहाव्यात. थांग काळातला वेगळा, सुंग काळातला वेगळा, मिंग आणि छिंग काळातले आणखी वेगळे. एकाचे तोंड दुसऱ्याशी जुळत नाही. आरंभी ही लष्करी टेहळणीची जागा होती, पुढे ती मद्यपान आणि निरोपसमारंभांची झाली, लाकडाची असल्याने वारंवार जळाली किंवा पडली आणि प्रत्येक काळाने तिला आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे पुन्हा उभे केले. त्सुई हाव या कवीने तिच्यावर आठव्या शतकात लिहिलेली कविता एवढी गाजली की ती वाचून कवी ली बाय यांनी लेखणी खाली ठेवली अशी आख्यायिका आहे. वास्तू जळत राहिली, कविता टिकली आणि कवितेमुळे वास्तू परत परत बांधावी लागली. तेव्हा ‘ओरिजिनल कोणता?’ हा प्रश्न या मनोऱ्यास विचारणे हाच मुळात अज्ञानाचा प्रकार होय, असे काकांना सांगावे. ते ऐकणार नाहीत.

ते ऐकणार नाहीत म्हणून त्यांच्यासाठी एक उपनियम ठेवला आहे. 1884 च्या आगीत शेवटचा लाकडी मनोरा जळाला तेव्हा त्याच्या शिखरावरचा तांब्याचा कळस तेवढा वाचला, आणि तो उद्यानात बाहेर ठेवलेला आहे. लोक त्याला पाठ करून मनोऱ्याबरोबर फोटो काढतात. काकांना तेथे एकटे सोडावे.

मूळ जागी मनोरा का नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र काकांना संपूर्णपणे वश करते. ती जागा पुलाने घेतली. यांगत्सेवर वुहानपाशी 1957 पूर्वी पूल नव्हता : उत्तरेकडून आलेली रेल्वे हानखौला थांबे, दक्षिणेकडची वुचांगला, आणि डबे नावेवर चढवून नदीपार नेत. 15 ऑक्टोबर 1957 रोजी खुला झालेला हा दुमजली पूल, वर रस्ता आणि खाली रेल्वे, सुमारे 1670 मीटर लांबीचा असून मुख्य नदीवर 128 मीटरचे नऊ गाळे आहेत. पाणी इतके खोल होते की दाबाच्या हवेत माणसे उतरवून पाया खणण्याची तेव्हाची रूढ पद्धत बाद करावी लागली आणि सोव्हिएत अभियंता सिलिन यांच्या साहाय्याने मोठ्या व्यासाच्या नळ्या तळापर्यंत नेऊन, खडकात छिद्रे पाडून, त्यांत काँक्रीट भरण्याची रीत अवलंबिली गेली. हे ऐकताना काका टकटक करत नाहीत. ते कठड्याला हात लावून उभे राहतात, खालून मालगाडी गेली की लोखंडाची थरथर तळव्यात घेतात आणि गाळ्यांची संख्या स्वतः मोजून पाहतात. सहलनेत्याने बसची वेळ झाली म्हणून शिट्टी फुंकणे या क्षणी शास्त्राला मंजूर नाही. आयुष्यभर निविदा, देयके आणि लेखापरीक्षणाचे शेरे यांत गेलेल्या माणसाला कधीतरी एक पूल नुसता पाहू द्यावा.

पूल पाहून झाल्यावर परतीसाठी बस न घेता वुचांगच्या चोंगह्वा लू धक्क्यावरून हानखौकडे जाणारी साधी फेरीबोट घ्यावी; तिकीट किरकोळ असते आणि बोटीत स्कूटर घेऊन कामावर जाणारे लोक असतात. समोर 1924 साली बांधलेल्या जकात कचेरीचा घड्याळमनोरा दिसतो. याच जकात कचेरीने, ही इमारत होण्याच्या पुष्कळ आधी, 1865 पासून नदीच्या पातळीच्या नोंदी ठेवायला आरंभ केला, आणि त्या नोंदींत 1954 चा महापूर 29.73 मीटर या आकड्याने नोंदला आहे. त्या पुराशी झुंजलेल्यांचे स्मारक नदीकाठच्या बागेत उभे आहे. 1931 साली हानखौ कित्येक आठवडे पाण्याखाली होते. या शहरात जुने काय उरले याचा हिशेब मांडताना आगीबरोबर नदीलाही भागीदार धरावे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी एक सूचना. मराठी पर्यटक चीनमध्ये कोठेही कोटणिसांचा पुतळा शोधू लागतो, ही भावना आदरणीय आहे. परंतु सोलापूरच्या या डॉक्टरांची समाधी हबेई प्रांतातील शच्याच्वांग येथे आहे, आणि हबेई व हुबेई या भिन्न प्रांतांत एका अक्षराखेरीज कित्येक शे किलोमीटरचे अंतर आहे. वुहानशी त्यांचा संबंध खरा आहे. 1938 च्या शरद ऋतूत भारतीय वैद्यकीय पथकाचे पाच डॉक्टर, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हानखौला आले आणि जपानी फौजा शहर घेण्यापूर्वी तेथून पुढे गेले. त्याची पाटी शोधत हिंडण्यापेक्षा नदीकाठी उभे राहून एवढे ठाऊक असणे पुरे.

हानयांगच्या क्वेइयुआन मंदिरात पाचशे अर्हतांच्या मूर्ती आहेत. हव्या त्या मूर्तीपासून आपल्या वयाइतके मोजत जायचे आणि जेथे मोजणी संपेल त्या अर्हताचे भविष्य घ्यायचे अशी रीत आहे. काकूंनी वय खरे धरावे.

अखेरीस हुबेई प्रांतीय संग्रहालय. 1978 मध्ये स्वेइचौजवळच्या कबरीतून निघालेला झंग राज्याच्या यी या सरदाराचा 65 कांस्य घंटांचा संच येथे आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या या घंटा मध्यभागी वाजवल्या तर एक आणि कडेला वाजवल्या तर दुसरा, असे प्रत्येकी दोन स्वर देतात आणि स्वरांची नावे त्यांच्यावरच कोरलेली आहेत. 2018 च्या एप्रिलमध्ये भारत आणि चीनचे शीर्षस्थ नेते वुहानला भेटले तेव्हा तेही या संग्रहालयात आले होते. या घंटा निःसंशय ओरिजिनल आहेत आणि काचेआड असल्यामुळे काकांना त्यांवर टकटक करता येत नाही. वादनाच्या कार्यक्रमात वाजतात त्या प्रतिकृती होत, आणि त्या ऐकून बाहेर पडताना काकांनी तक्रार केल्यास ती फक्त आसनांविषयी असते. संग्रहालय विनामूल्य आहे, आगाऊ नोंदणी लागते आणि ते सोमवारी बंद असते. सहल कंपनीने वुहानचा दिवस सोमवारी टाकला असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तो बदलून घ्यावा.