फरशी वाकडी बसली असता करावयाचा विधी

उसाचं बिल, सोसायटीचं कर्ज आणि मेव्हण्याचा सल्ला यांच्या बळावर ज्यांनी बारामती-इंदापूर भागात घर बांधलं, हॉलमध्ये दोन बाय चारची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी बसवली आणि वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी सोफ्याचा एक पाय अधांतरी असल्याचं ज्यांच्या लक्षात आलं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांची फरशी नीट बसली आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांची संख्या फार नसावी.

साहित्य: काचेची गोटी एक, रुपयाचं नाणं एक, गवंड्याची सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी (गवंडी देत नाही, तो जेवायला बसल्यावर घ्यावी), तांब्याभर पाणी आणि फोटोवर तारीख उमटवणारा मोबाईल. हळदकुंकू ऐच्छिक.

कर्त्याने हॉलच्या मध्यभागी गोटी ठेवावी. ती जागची हलली नाही तर देव पावला. स्वयंपाकघराकडे निघाली तर उतार आहे. अर्ध्या वाटेत थबकून वळली तर एका फरशीची कड शेजारणीपेक्षा वर आहे, आणि ही कड पुढची दहा वर्षं घरातल्या प्रत्येकाच्या करंगळीला सापडणार आहे. मग पट्टी आडवी ठेवून खालच्या फटीत मोजपट्टी सरकवावी आणि आकड्यासह फोटो काढावा. नाण्याने प्रत्येक फरशी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये वाजवावी. ‘ठण’ आला तर पुढे जावं. ‘भद’ आला तर खाली पोकळी आहे, तिथे पेन्सिलने फुली मारावी. शेवटी न्हाणीघरात तांब्या रिकामा करावा. पाणी जाळीकडे जावं अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ते उंबऱ्याकडे निघालं तर लगेच फडकं घेऊन धावू नये. आधी व्हिडिओ काढावा.

आता थोडं शास्त्र, कारण कंपनीचा माणूस येईल तेव्हा तो शास्त्रच बोलणार आहे. आपल्या आजोबांच्या शहाबादी फरशीची पाठ खडबडीत होती, तिने चुना-सिमेंट धरून ठेवलं. व्हिट्रिफाइड फरशी पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. तिचं जलशोषण अर्ध्या टक्क्याच्याही आत असतं. म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती नीट धरत नाही. तिच्यासाठी वेगळा गोंद लागतो, आणि त्या गोंदाला आयएस १५४७७ असं भारतीय मानकही आहे. तो गोंद दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरायचा असतो. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, ही पद्धत लाडू ठेवायला ठीक आहे. शिवाय लांबट फरशी मध्यभागी किंचित फुगीर असू शकते. विटांसारखी निम्म्यावर सांधा घेऊन बसवली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो. म्हणून सांधा फार तर एक तृतीयांशावर घ्यावा असं उत्पादकच सांगतात. हे बहुधा खोक्यावर छापलेलं असतं, पण खोकं कोणी वाचत नाही. ते शेजारणीची चूल पेटवायला जातं. (एक तरी खोकं जपा. त्यावर बॅच आणि शेडचा नंबर असतो.)

कंपनीचा माणूस मात्र खाली न बघता खिडकीतून बाहेर बघेल आणि म्हणेल, ‘‘मालक, तुमची काळी माती. ती फुगती, आकसती. त्याला आम्ही काय करणार?’’ हे त्याने खरं सांगितलं. काळी माती ओल धरून फुगते आणि वाळून भेगाळते. जोत्यातला मुरूम पाणी मारून, थर देऊन चोपला नसेल तर फरशी खचतेही. शेजारून नीरेचा कालवा जात असेल तर त्याच्याही नावाने तो दोन शब्द बोलेल. त्याला शांतपणे विचारावं: जमीन खचली तर खोलीचा एक भाग सबंध खाली जायला हवा, भिंतीपाशी फट पडायला हवी, इथे एकाच फरशीचा एकच कोपरा वर आलाय, तो काळ्या मातीने नेमका कसा निवडला? शिवाय फरशी बसवायच्या आधी जोतं बघून काम घेतलं ते त्यांच्याच मिस्त्रीने.

यानंतर प्रदक्षिणा सुरू होते. शोरूमवाला म्हणतो, माल एक नंबर, फिटिंगचा दोष. फिटिंगवाला म्हणतो, मालालाच बेंड. माल मोरबीहून आलेला असतो, त्यामुळे तिसरा दोषी गुजरातेत असतो. त्याचा फोन लागला तर तो म्हणतो, साइट इंजिनिअरला विचारा. इंजिनिअर म्हणतो, तुम्हालाच वास्तुशांतीची घाई होती. फिरून फिरून दोष यजमानावर येतो. तोपर्यंत फरशी बसवणारी टोळी पुढच्या साइटवर, कदाचित पुढच्या जिल्ह्यात गेलेली असते.

या प्रदक्षिणेतून बाहेर पडण्याचा मार्ग एकच आहे: ज्याच्या हातात पैसे दिले त्याला धरा. बिलात ‘फिटिंगसह’ असेल तर माल आणि काम दोन्ही शोरूमच्या गळ्यात. फिटिंगचे पैसे वेगळे दिले असतील तर दोघांनाही प्रतिपक्ष करा आणि दोष कोणाचा हे त्यांना ग्राहक आयोगापुढे आपसात भांडू द्या. तो कार्यक्रम पाहण्यासारखा असतो.

बिल हा शब्द आला म्हणून विचारतो: बिल आहे ना? की १८ टक्के जीएसटी वाचवायला वर गणपतीचं चित्र, खाली ‘हॉल + किचन’ आणि शेवटी ‘जमा’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आहे? चिठ्ठी असली तरी फेकू नका. तिच्या जोडीला बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं ठेवा. ‘काम झालं, बाकी पाठवा’ हा त्यांचाच मेसेज तुमच्या उपयोगाचा आहे.

पत्र कसं लिहावं याबाबत बारामतीकरांनी तरी चिंता करायचं कारण नाही. गाऱ्हाणं मांडण्याची परंपरा या गावात अडीचशे वर्षांची आहे. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पण त्यांचा संसार आणि काव्य बहरलं ते बारामतीत. १७९४ मध्ये गेलेही इथेच. त्यांची ‘केकावली’ म्हणजे देवाकडे केलेला अर्जच आहे. तोही पृथ्वी वृत्तात. तुम्ही गद्यात केलात तरी चालेल.

पंतांनी रामायणं १०८ लिहिली असं सांगतात. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे: ओठाला ओठ लागेल असं प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर त्यात नाही. हे अवघड तंत्र आज एकाच क्षेत्रात टिकून आहे, ते म्हणजे कंपनीचं तक्रार केंद्र. ऐका: ‘‘काळजी करू नका.’’ ‘‘चौकशी चालू आहे.’’ ‘‘टेक्निशियन उद्या येईल.’’ ‘‘सर, गाडी निघाली.’’ सबंध संभाषणात ओठ मिटत नाहीत. मिटले असते तर ‘माफी’, ‘भरपाई’, ‘पैसे’, ‘बदलून’ यांपैकी एखादा शब्द सांडला असता. ‘फरशी’ हा शब्दसुद्धा ते टाळतात. ‘तो इश्यू’ म्हणतात.

यावर उतारा म्हणून तुमच्या अर्जात पाचही ओष्ठ्य अक्षरं ठासून भरा. पावती जोडा, फोटो जोडा, बिल जोडा, भरपाईचा आकडा लिहा, मुदत द्या. पंधरा दिवस पुरतात. स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी अहवाल घेता आला तर फार चांगलं. बारामतीत दर गल्लीत एक सापडेल. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. दुकानात जाऊन ओरडू नका. दुकानदार चहा मागवतो, तुम्ही तो पिता, आणि चहा प्यायलेल्या माणसाला पुन्हा ओरडता येत नाही.

ओळख काढण्याचा मोह होईल. ‘‘मी कोणाचा माणूस आहे माहिती आहे का?’’ असं विचारण्यात या भागात धोका आहे: समोरचाही त्यांचाच असतो. मग दोघांना एकाच ऑफिसातून फोन येतो, ‘‘आपसात मिटवून घ्या.’’ मिटवून घेणं म्हणजे कंपनीने सांध्यात ग्राउट भरायचं आणि तुम्ही वर सतरंजी टाकायची.

कायद्याची वाट रुक्ष आहे, पण स्वस्त आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, फोन मोफत. तेवढ्याने मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ साली काढली, ग्राहक कायदा आला १९८६ ला, आणि सध्याचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. या नव्या कायद्यात आपल्या सोयीची गोष्ट अशी की कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, त्यामुळे इंदापूरहून दरवेळी एसटीने पुणे गाठावं लागत नाही. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून टाकलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. कायदा आशावादी आहे.

तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ती काम संपल्याच्या दिवसापासूनच धरून चाला, म्हणजे नंतर वाद नको. ‘पुढच्या सीझनला बघू’ हे वाक्य दोनदा ऐकलंत तर ती संपत आली असं समजा.

दरम्यान काही पथ्यं. रागाच्या भरात फरशी उखडू नका. पुरावा तिथेच चिकटलेला आहे, निदान कोपऱ्यांना तरी. सांध्यात भोक पाडून सिमेंटचं पाणी सोडतो म्हणाले तर आधी लेखी हमी घ्या. ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली सही करू नका, मिस्त्री कितीही गरीब चेहरा करून उभा असला तरी. आणि नोटीस गेल्यावर अचानक ‘‘काका, घरचाच मामला आहे’’ असा फोन आला, तर बोला, चहाही पाजा. पण ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.