रेडा बोलला, विमान उडालं

पैठणला ज्ञानोबांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याला सातशे वर्षं होऊन गेली. पैठण आम्हा जालनेकरांना काही परकं नाही, अंबड तालुका ओलांडला की आलंच. कीर्तनात अजूनही ती गोष्ट निघाली की डुलक्या काढणारे ताठ बसतात. आता खिशातला दहा हजारांचा मोबाइल चारही वेद अर्थासकट म्हणून दाखवतो, वर भाषाही तुम्हीच निवडायची. त्याला कोणी हात जोडलेत? घरातले ओरडतात, ‘आवाज कमी कर रे त्याचा!’

तर मोठं काय, जुना चमत्कार की नवं यंत्र? चहाच्या टपरीवर या प्रश्नाचे दोन कप सहज होतात. एक म्हणतो, ज्ञानोबांनी चालवलेल्या भिंतीला धावपट्टी लागली नाही. दुसरा म्हणतो, त्या भिंतीवर भावंडं चारच बसली, विमानात दीडशे बसतात. ताकदीचा सामना असेल तर निकाल आधीच लागलेला आहे. एकच पुरावा देतो. आपल्याकडे एका रोगाचं नावच ‘देवी’ होतं. देवी अंगात आली की डॉक्टर नाही, नैवेद्य. शतकानुशतकं नवस झाले, पोरं मेली, वाचली त्यांचे डोळे गेले. मग दंडावर टोचणारी माणसं गावोगाव फिरली. 1975 साली भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 1980 मध्ये रोग जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. इतका मोठा चमत्कार कोणत्या पोथीत आहे? पण त्या सुईचं देऊळ कुठे दिसलं? ज्यांच्या दंडावर तिचा व्रण आहे, त्यातले बरेच जण आज व्हॉट्सअॅपवर ‘लस घेऊ नका’ पाठवतात.

याचं कारण साधं आहे. जे सगळ्यांना, रोज आणि फुकट किंवा स्वस्तात मिळतं, त्याला आपण सोय म्हणतो. चमत्कार एकदाच व्हावा, लांब व्हावा आणि तो पाहणारा माणूस आता हयात नसावा.

अपवाद 21 सप्टेंबर 1995 चा. त्या दिवशी गणपती दूध प्यायला, आणि आपल्या डोळ्यांदेखत प्यायला. दुधाचा पृष्ठताण, दगडावरून खाली ओघळणारी पातळ धार वगैरे शास्त्रज्ञांनी समजावलं, अंनिसवाल्यांनीही करून दाखवलं. पण मला त्या दिवसाचा खरा नायक एसटीडी बूथ वाटतो. दिल्लीतली बातमी दुपारच्या आत खेड्यापाड्यांत पोचवली ती टेलिफोनने. गणपतीने चमचाभर दूध प्यायलं की नाही यावर वाद घाला. हजार किलोमीटरवरचा माणूस कानात बोलत होता यावर मात्र एकालाही नवल वाटलं नाही. पिवळ्या डब्यात रांग लावून, मिनिटाचे पैसे मोजून लोक चमत्काराची खबर देत होते.

वेळ आली की आमच्या लोकांना चमत्कार आणि यंत्र यांतला फरक बरोबर कळतो. ऑगस्ट 2022 मध्ये जांब समर्थ गावच्या मंदिरातून समर्थ रामदासांच्या घराण्यातल्या पूजेच्या मूर्ती चोरीला गेल्या. घनसावंगी तालुका पेटून उठला, प्रश्न विधानसभेत गेला. गावाने जाब कोणाला विचारला? पोलिसांना. चाफळच्या रामाची मूर्ती समर्थांना दृष्टांतानंतर अंगापूरच्या डोहात सापडली, असं सांगतात. जांबचा राम दोनेक महिन्यांनी तपासात सापडला, आरोपी पकडून. मूर्ती परत आल्या तेव्हा फुलं मात्र तपासावर कमी आणि रामावर जास्त पडली असणार. पडू द्या. पोलिसांना पगार आहे.

गडबड होते ती यंत्रालाच बाबा केलं की. पिकाच्या नुकसानीचं अनुदान थेट खात्यात पडणार, मधला हात गेला, असं आम्हाला संगणकाच्या साक्षीने सांगितलं होतं. मग अंबड-घनसावंगीत ज्यांच्या नावावर जमीनच नाही अशांच्या खात्यांतही अतिवृष्टीचे पैसे पडल्याचं 2025 मध्ये उघड झालं आणि तलाठी निलंबित होऊ लागले. सातबारा नसताना पीक बुडालं! रेड्याने वेद म्हणणं यापुढे किरकोळ आहे.

पण सगळ्यात मोठा बाबा आभाळात असतो. 2003, 2015, 2019, दुष्काळाने मराठवाड्याचा गळा आवळला की कृत्रिम पावसाची घोषणा होते. 2019 साली मंत्रिमंडळाने तीस कोटी मंजूर केले, औरंगाबादेत रडार बसलं, ऑगस्टात विमान उडालं. आम्ही माना वर करून पाहिलं. पेपरात रोज आकडे यायचे, आज किती उड्डाणं, किती नळकांड्या फोडल्या. पाऊस पडला तिथे प्रयोग यशस्वी. पडला नाही तिथे ढग बीजारोपणायोग्य नव्हते. हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटतात ना? गुण आला तर बाबांची कृपा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी पडली.

वास्तविक हे शास्त्र खोटं नाही. मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगात सोडायचे, त्यांच्याभोवती पाणी जमून थेंब जड होतात आणि खाली येतात. ढग हवा ही अट. कोरड्या आभाळाला विमान काय करणार? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने सोलापूर भागात 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत हेच रीतसर तपासलं. काही ढगांवर कण सोडले, तसलेच काही ढग मुद्दाम मोकळे ठेवले, कोणते ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं आणि मग तुलना केली. कण सोडलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेच्या भागात पाऊस सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेला आढळला, खर्च लिटरमागे 18 पैशांच्या आसपास. बस, एवढंच. 18 टक्के. यात दुष्काळ हटवण्याचं वचन नाही, फोटोला उभे राहिलेले मंत्री नाहीत. म्हणूनच हा आकडा कोणाला पाठ नाही.

आणि कडवंची गावाचं काय? जालन्यापासून जवळच, आमच्याच तालुक्यात. विमान नाही, रडार नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि गावकऱ्यांनी मिळून नव्वदीच्या दशकात पाणलोटाचं काम सुरू केलं. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवर बंधारे, पुढे शेततळी आणि ठिबक. 2012 च्या दुष्काळात जिल्हा टँकरमागे धावत होता तेव्हा या गावात द्राक्षं उभी होती. दैवी म्हणावं असं काही घडलं असेल तर इथे. पण कुदळीला चमत्कार म्हणायला आपली जीभ वळत नाही, आणि जालना शहरात नळाला पाणी कधी येणार याचा दृष्टांत तर अजून कोणालाच झालेला नाही.

पुढच्या कोरड्या वर्षी विमान पुन्हा येईल. यायलाही हरकत नाही. तेव्हा माना वर करण्याआधी कलेक्टर ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा: तुलनेसाठी कोणते ढग सोडून दिलेत, आणि त्यांनी किती पाऊस पाडला?