डॉक्टरांचा नाइलाज

२३ नोव्हेंबर हे पान सिंदखेड राजाचे माजी आमदार डॉ. राजेंद्र शिंगणे यांनी कॅलेंडरातून फाडूनच टाकावं. २०१९ साली याच तारखेला भल्या सकाळी ते राजभवनात उभे होते आणि आपल्याला इथं कशाला आणलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. २०२४ साली याच तारखेला विधानसभेची मतमोजणी झाली आणि ते ४,६५० मतांनी पडले. या खेपेला मात्र कारण ठाऊक नसण्याची सोय नव्हती.

आधी पहिली तारीख. दुपारी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवार आणि उद्धव ठाकरे बसलेले, समोर कॅमेऱ्यांची दाटी, आणि शिंगणे आपबिती सांगतायत. रात्री बाराला अजितदादांचा फोन आला, चर्चा करायची आहे, सकाळी सातला धनंजय मुंडेंच्या बंगल्यावर या. गेलो. तिथून आम्हा आठ-दहा जणांना राजभवनावर नेलं. काय चाललंय ते उमगेपर्यंत अजितदादांचा शपथविधी उरकला होता. मग मी थेट पवारसाहेबांकडे आलो.

हे सांगणारा गडी पहिल्यांदा निवडून आलेला, मुंबईत वाट चुकलेला पोरगा असता तर गोष्ट वेगळी. हे १९९५ साली पहिल्यांदा आमदार झालेले, मंत्रिपद भोगलेले, सहकारात मुरलेल्या घरातले. वडील भास्करराव शिंगणे हे जिल्ह्याच्या सहकारातलं मोठं नाव. राजभवनात सकाळी आठला कोणी उपमा खायला बोलावत नाही, एवढं आमच्याकडच्या ग्रामपंचायत सदस्यालाही समजतं. तरी आपण विश्वास ठेवू. डॉक्टर काही तासांत परत आले हे खरंच आहे, आणि महाराष्ट्रात इतक्या लवकर शुद्धीवर येणारे आमदार फार नाहीत.

या माणसाची कारकीर्द तशी सरळ रेषेतली. पाच वेळा विधानसभा. आरोग्य खातं सांभाळलं. ठाकरे सरकारात अन्न व औषध प्रशासन मिळालं, म्हणजे कोरोनात रेमडेसिविरच्या एका बाटलीसाठी लोक मेडिकलच्या दारात रात्र काढत होते तेव्हा ते खातं यांच्याकडे. २००९ आणि २०१९ अशी दोनदा लोकसभा लढवली, दोन्हीदा प्रतापराव जाधवांकडून हरले, आणि दोन्हीदा त्याच वर्षी सिंदखेड राजाने त्यांना विधानसभेवर पाठवलं. डॉक्टरला दिल्लीला जाऊ द्यायचं नाही आणि मुंबईची गाडी चुकू द्यायची नाही, असा हा मतदारसंघाचा हिशेब. शेजारचे बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड जुलै २०२५ मध्ये आमदार निवासातल्या कॅन्टीनच्या डाळीवरून कर्मचाऱ्याला ठोसे लगावून एका दिवसात देशभर पोचले. डॉक्टर त्या पठडीतले नव्हेत. त्यांची अडचण वेगळी आहे: त्यांच्याकडून काही घडत नाही, त्यांच्यावर ओढवतं.

आता २०२३ चा जुलै. १ तारीख लागल्यावर, मध्यरात्रीनंतर, सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धी महामार्गावर खाजगी बस पेटली आणि २५ माणसं जळून गेली. २ तारखेला बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. चिता विझायच्या होत्या, आणि तिकडे मुंबईत त्याच दुपारी अजित पवार शरद पवारांचा पक्ष फोडून उपमुख्यमंत्री झाले. टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी तोंड फिरवलं. मतदारसंघात घडलेली एवढी मोठी घटना चोवीस-छत्तीस तासांत बातमीतून बाद झाली, आणि त्यानंतर आमच्या आमदाराविषयी एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: ‘डॉक्टर कुठी हायेत?’ चौकशी तब्येतीची नव्हती.

डॉक्टर आधी थोरल्या पवारांकडे होते. काही दिवसांतच ते धाकट्या पवारांकडे गेले. या वेळी रात्रीचा फोन नव्हता की भल्या सकाळची गाडी नव्हती. या वेळी बँक होती.

बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं दुखणं जुनं. साखर कारखाने, सूतगिरण्या अशा ठिकाणी गेलेली कर्जं परत आली नाहीत, आणि २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना परवाना नाकारला. ठेवी अडकल्या. निवृत्त मास्तर आपल्याच पैशासाठी शाखेच्या काउंटरवर हात जोडून उभे राहिले, आणि पीककर्जाला गेलेल्या शेतकऱ्याने राष्ट्रीयीकृत बँकेचा साहेब कसा बोलतो ते अनुभवलं. पुढे सरकारी पैशाच्या टेकूवर परवाना मिळाला, पण बँक काही अंगात भरली नाही. गावच्या सोसायटीपासून जिल्ह्यापर्यंतची सगळी साखळी या एका बँकेला बांधलेली असते. ती आजारी पडली की पेरणीच्या तोंडावर माणूस कृषी केंद्राच्या उधारीवर येतो, आणि ती उधारी कोणत्या भावाची असते ते ज्याने घेतली त्यालाच विचारावं. तेव्हा बँक वाचवायला हवी यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या गोष्टीचा. २०२४ मध्ये वर्ध्याच्या एका सत्कार समारंभात, शरद पवारांसमोर, शिंगणे यांनी कबुली दिली की जिल्हा बँकेसाठी नाइलाजाने अजितदादांसोबत जावं लागलं, आणि सरकारने बँकेला ३०० कोटी दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. पत्रकारांनी बातमी केली ती ‘शिंगणे परतणार का?’ एवढीच. मला मात्र त्या भाषणातला दुसराच भाग खटकला, आणि आजही कोणी त्याबद्दल हूं की चूं करत नाही.

बँक कोणाची? सभासद शेतकऱ्यांची. ३०० कोटी कोणाचे? सरकारचे, म्हणजे पुन्हा तुमचे-आमचे. बँकेला मदत द्यायची की नाही हे सहकार खात्याने ताळेबंद बघून ठरवायचं, वित्त खात्याने शेरा मारायचा, मंत्रिमंडळाने मंजुरी द्यायची. या फायलीच्या प्रवासात सिंदखेड राजाच्या आमदाराने कुठे बसावं याचा रकाना आहे कुठे? तारण म्हणून शेत लावतात, घर लावतात, बायकोचे डाग लावतात. आमदार तारण ठेवायची पद्धत सहकार कायद्यात कुठल्या कलमाखाली येते, हे एकदा निबंधकांनी सांगावं. देणाऱ्यालाही यात काही वावगं वाटलं नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. कबुली भर सभेत दिली जाते, आणि ती ऐकून सहकारातली जाणती माणसं मान डोलावतात: बरोबर आहे, बँकेसाठी गेला बिचारा.

ज्यांची बँक आजारी पण ज्यांच्या आमदाराला पक्ष बदलायचा नाही, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी काय करायचं, हे त्या सभेत कोणी विचारलं नाही.

तर मदत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, डॉक्टरही आले. परत थोरल्या साहेबांकडे. इकडे त्यांच्या पुतणी गायत्री शिंगणे मधल्या काळात साहेबांच्या पक्षाचं काम करत उमेदवारीच्या तयारीत होत्या. काका परतले आणि तिकीट काकांना गेलं. पवारांच्या घरात काका-पुतण्याचं, शिंगण्यांच्या घरात काका-पुतणीचं. पक्षाची शिस्त खालपर्यंत झिरपते ती अशी.

एक बारीकशी अडचण उरली होती. ज्या घड्याळावर डॉक्टर इतकी वर्षं निवडून आले, ते घड्याळ आता अजितदादांच्या मनगटावर होतं. इतक्या निवडणुका ‘घड्याळाचं बटण दाबा’ असं गावोगाव सांगितलेल्या कार्यकर्त्यांना एका महिन्यात ‘घड्याळ सोडून काहीही, म्हणजे तुतारी’ हे म्हाताऱ्या माणसांच्या गळी उतरवायचं होतं. समोर घड्याळ घेऊन मनोज कायंदे. त्यात शिंदेंच्या शिवसेनेकडून माजी आमदार शशिकांत खेडेकरही मैदानात, महायुतीतली ही मैत्रीपूर्ण लढत. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची मतं दोन ठिकाणी वाटली जाणार, आणि डॉक्टरांनी मधून आरामात निघून जायचं. इतकी आयती फूट समोर असून ते पडले.

कोणी म्हणालं चिन्हाने घात केला, कोणी म्हणालं लाडक्या बहिणींनी. असेलही. पण मतदार आमदाराची भाषणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतात. सरकारसोबत असलं तर ३०० कोटी मिळतात, नसलं तर बँक बुडते, हे देऊळगाव राजापासून बिबीपर्यंत डॉक्टरांनीच स्वतःच्या उदाहरणाने पटवून दिलं होतं. मग लोकांनी आधीच सरकारसोबत उभा असलेला उमेदवार निवडला. जाण्या-येण्याचा खर्च वाचला.