सर्व बटणांचे एकमेव मालक यांस

प्रति,
परीक्षा हॉलमधले, पूर्ण पडदा व्यापून बसलेले कुलूपबंद सॉफ्टवेअर



आपण सुरू झालात की टास्कबार नाहीसा होतो, ऑल्ट-टॅबला दाद मिळत नाही आणि विंडोज बटण कितीही दाबले तरी ढिम्म. परीक्षार्थीसमोर उरतात ते प्रश्न आणि कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. या कामगिरीबद्दल आपले जाहीर अभिनंदन व्हायलाच हवे. फक्त ही किमया साधते कशी, तेही लोकांना कळावे, म्हणजे कौतुक नेमक्या जागी पोचेल.

विंडोजमध्ये बटण दाबल्याची वर्दी थेट समोरच्या खिडकीत जात नाही. वाटेत एक नाका आहे, त्याचे नाव लो-लेव्हल कीबोर्ड हुक. सेटविंडोजहुकएक्स या फंक्शनला 13 हा क्रमांक दिला की कोणताही प्रोग्रॅम या नाक्यावर बसू शकतो, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगीही लागत नाही. आलेले बटण पुढे धाडायचे तर कॉलनेक्स्टहुकएक्स म्हणायचे. गिळायचे तर शून्य सोडून दुसरे काही उत्तर द्यायचे. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही इथेच बसतो. तो सगळ्यांना जाऊ देतो आणि गुपचूप टिपून ठेवतो, आपण अडवता. बसायची जागा एकच.

नोकरी तशी कच्चीच आहे म्हणा. विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून या नाक्यावरच्या प्रोग्रॅमला उत्तर द्यायला जास्तीत जास्त एक सेकंद मिळतो. उशीर होत राहिला तर विंडोज 7 पासूनची व्यवस्था अशी की हुक परस्पर काढून टाकला जातो, आणि तो काढला गेला हे प्रोग्रॅमला कळण्याची सोयच नाही. लॅबमधला जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागला की पहारेकरी बडतर्फ, आणि त्याला पत्ताही नाही!

एक तिकडी मात्र आपल्याला कधीच पचली नाही: कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. आयबीएमच्या 1981 च्या पीसीवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली यांनी ती कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्यासाठी बसवली. 1993 च्या विंडोज एनटीने तिला लॉगिनच्या दारात उभे केले. खोटा लॉगिन पडदा दाखवून पासवर्ड उकळणारा साधा प्रोग्रॅम ही तिकडी अडवू शकत नाही, तीच तर गोम. (एकाच बटणात हे काम व्हायला हवे होते, अशी कबुली बिल गेट्स यांनी 2013 मध्ये दिली.) आपल्यालाही ती अडवता येत नाही. म्हणून आपली जातकुळी रजिस्ट्रीत हात घालून त्या पडद्यावरचे टास्क मॅनेजरसारखे पर्यायच लपवते.

आता मराठीचे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्याने ‘पाणी’ लिहायला एच, ई, शिफ्ट-सी आणि आर दाबले तर आपली हरकत नसते. नाक्यावरून साधी बटणे जातात, त्यांची अक्षरे विंडोज नंतर करते. पण फोनेटिक किंवा रेमिंग्टन कीबोर्डची सवय असलेल्यांसाठीचे अनेक प्रोग्रॅम वेगळ्या वाटेने जातात. विद्यार्थी पी दाबतो, प्रोग्रॅम तो पी गिळतो आणि त्याच्या जागी स्वतः ‘प’ पाठवतो. असा पाठवलेला ‘प’ 231 या क्रमांकाचे बटण होऊन येतो. कीबोर्डावर असे बटणच नाही. त्यात विंडोज प्रत्येक वर्दीसोबत एक खूणही जोडते: हे बोटाने दाबले की प्रोग्रॅमने आत सोडले. आपल्या परवानगीच्या यादीत 231 नाही, आणि ‘आत सोडलेले’ म्हणजे आपल्या लेखी लबाडी. ‘प’ गेला. पडदा कोरा, घड्याळ चालू.

आपण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असाल तर मामला नाक्यापर्यंतही येत नाही. व्हिस्टापासून खालच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला वरच्या खिडकीत बटणे पाठवता येत नाहीत, आणि अडले ते याच कारणाने, हे त्या प्रोग्रॅमला सांगितलेही जात नाही.

मग विंडोजचाच मराठी फोनेटिक कीबोर्ड वापरावा, तो 2019 पासून सोबत येतोच. जरूर. पण तो निवडायचा विंडोज-स्पेसने, आणि विंडोज बटण आपण आधीच गिळलेले!

अंध परीक्षार्थींची गत याहून वाईट. पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक धरून दिलेल्या आज्ञांवर चालतो, आणि तोही याच नाक्यावर बसतो. पण इथली रांग उलटी आहे, शेवटी आलेल्याचा मान पहिला. परीक्षार्थी एनव्हीडीए आधी सुरू करणार, आपण नंतर येणार. म्हणजे इन्सर्ट पहिल्यांदा आपल्या हाती लागणार, आणि त्याचे आपण काय करता हे सर्वश्रुत आहे.

या सगळ्या कडेकोट बंदोबस्तात एक पाहुणा सन्मानाने आत येतो. यूएसबीला लावलेले, स्वतःला कीबोर्ड म्हणवणारे आणि आधी भरून ठेवलेला मजकूर धडाधड टाइप करणारे बोटभर यंत्र. त्याची बटणे विंडोजच्या दृष्टीने खरीखुरी, ‘आत सोडल्या’ची खूण त्यांच्यावर नाही. कीबोर्ड आणि सीपीयू यांच्यामध्ये खोचलेला कीलॉगर तर आपल्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. ज्याच्याकडे असे टाइप करणारे यंत्र आहे तो पास, ज्याला रेमिंग्टनची सवय आहे तो संशयित.

तेव्हा विनंती एवढीच. विंडोज-स्पेस सोडावे, नाहीतर आपल्याच पडद्यावर भाषा निवडायचे बटण द्यावे. टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क या विंडोजच्याच अधिकृत रस्त्याने येणारी अक्षरे अडवू नयेत. स्क्रीन रीडरची नोंद पर्यवेक्षकाने आधीच केली असेल तर इन्सर्ट आणि कॅप्स लॉक पुढे धाडावेत. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणीतरी आपल्या चौकटीत ‘पाणी’ हा शब्द तिन्ही पद्धतींनी लिहून पाहावा.

कळावे.