अण्णा, ते इंग्रजी पुस्तक मिटून ठेवा

शिस्ता, स्टॉकहोम

तीर्थरूप अण्णा आणि आत्या यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

जूनमध्ये इकडे यायचं म्हणून तुम्ही इंग्रजीतून स्वीडिश शिकवणारं पुस्तक मागवलंत, हे आत्यांकडून कळलं. पहाटे ओसरीवर बसून तुम्ही पाठ मोठ्यानं म्हणता आणि दुधवाला विचारतो, अण्णांनी कुठलं नवं स्तोत्र धरलंय, हेही कळलं. तुमच्या उत्साहाला तोड नाही. पण उभा जन्म मोडनिंबच्या पोरांना व्याकरण शिकवलेल्या सासऱ्याला सून एक आगाऊ सल्ला देते: ते पुस्तक मिटून ठेवा.

कारण ते लिहिलंय इंग्रजी माणसाची भीती घालवायला. नामाला लिंग असतं आणि त्यापायी विशेषण बदलतं, हे त्याला पहिल्यांदाच कळतं आणि तो हाय खातो. इथं 'स्तूर', 'स्तूर्त', 'स्तूरा' होतं म्हणे! आपल्याकडं मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर हे शेंबडं पोरही बोलतं. लिंगं इथं दोनच, 'एन'वाली नामं आणि 'एत'वाली. 'एत' म्हणजे नपुंसकलिंग. चार नामांतली तीन 'एन'ची असतात, त्यामुळे अडलं की 'एन' ठोकून द्यावं. बाकीची पाठ करा, असं पुस्तक सांगतं.

पाठ कशाला करायची? मी एकदा भांडी घासताना सहज मनात यादी केली. घर, झाड, मूल, नाव, पाणी, अंडं, मीठ, सोनं, लोखंड, रक्त. मराठीत सगळी नपुंसकलिंगी, आणि इथंही सगळी 'एत'! मी ओल्या हातानं ह्यांना हाक मारली. हे कॉम्प्युटरवरून मान न काढता म्हणाले, "योगायोग." असेल. योगायोगावर परीक्षेत मार्क मिळत असतील तर मला चालतो. पुढं दूध आणि पुस्तक यांनी दगा दिला, ती दोन्ही 'एन' निघाली. पण घरचे तरी सगळे कुठं ऐकतात!

आता खरी गंमत. इथं परदेशी लोकांना स्वीडिश शिकवायचे वर्ग नगरपालिका फुकट चालवते. आमच्या वर्गात मँचेस्टरचा एक उमदा गृहस्थ होता. बाईंनी त्याला वाक्य करायला सांगितलं, एरिक आपल्या बायकोवर प्रेम करतो. इंग्रजीत 'आपल्या' आणि 'त्याच्या' यांना एकच शब्द. त्यानं ठणकावून 'हान्स' वापरलं आणि एरिक दुसऱ्याच कुणाच्या बायकोवर प्रेम करू लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग एरिकच्या घरी भांडण होणार." 'आपला' या अर्थाला 'सिन' आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर 'हान्स', एवढाच भेद. आम्हाला तो समजवावाच लागला नाही.

आणि अण्णा, तुम्ही खूश व्हाल अशी बारीक गोष्ट पुढंच आहे. 'एरिक आणि त्याची बायको बाजारात गेले' म्हणायचं असेल तर इथं 'सिन' चालत नाही, 'हान्स'च लागतं. मराठीत तरी 'एरिक आणि आपली बायको बाजारात गेले' कोण म्हणतं? कर्त्याच्या जागी 'आपला' बसत नाही. हा नियम मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण जिभेला ठाऊक होता. मँचेस्टरवाला अजून तिथंच अडकलाय.

नात्यांचंही तेच. मावशी 'मूस्तेर', आत्या 'फास्तेर', मामा 'मूरब्रूर', काका 'फारब्रूर'. आत्या-मावशीला एकाच 'आंटी'त कोंबायची सोय नाही. तुमचा नातू ओंकार सोलापूरच्या वन्सना आता 'फास्तेर' म्हणतो. त्यांना वाटतं, आपल्या स्कूटरवरून चिडवतोय.

याच ओंकारनं मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला "अण्णा, तू जेवलास का?" विचारलं आणि आत्यांनी फोन तुमच्या हातातून काढून घेतला. त्याचा फार दोष नाही. इथं सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू'. शाळेत हेडमास्तरीणबाईंनासुद्धा नाव घेऊन 'दू'. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मोठ्या माणसाशी त्याच्या हुद्द्यानं, तृतीयपुरुषी बोलायचं: "डॉक्टरसाहेब चहा घेणार का?" म्हणजे आपल्या माढ्याच्या कचेरीतलं वाक्य. समोरच्याचा हुद्दा ठाऊक नसला तर बोलायचीच पंचाईत. 'नी' म्हणून 'तुम्ही'सारखा शब्द होता, पण तो खालच्या माणसाला वापरला जायचा, म्हणून वरच्याला चालायचा नाही. 1967 साली ब्रूर रेक्सेद नावाचे गृहस्थ इथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगून टाकलं की, मी सगळ्यांना 'दू' म्हणणार. तशी हवा आधीपासून होतीच. पण या प्रकाराशी नाव मात्र त्यांचं जोडलं गेलं. आता राजघराणं सोडून सगळे 'दू'.

मला विचाराल तर हे बरं आहे. ऑफिसात कुणाला 'सर' म्हणताना पाठ वाकवावी लागत नाही. वर्गात जोडीनं संवाद म्हणायचा होता तेव्हा मला ह्यांना 'दू' म्हणावं लागलं. ह्यांना ते फारसं रुचलं नाही. मला फार रुचलं. घरी मात्र 'अहो'च चालू आहे. ओंकारला 'तुम्ही'कडं वळवायचं काम तुम्ही आल्यावर तुमच्याकडं.

दोन ठिकाणी मात्र मराठीही कामाला येत नाही. एक, घड्याळ. 'हाल्व ओत्ता' म्हणजे शब्दशः अर्धा आठ. पण तो साडेआठ नव्हे, साडेसात! आम्ही शेजाऱ्यांकडं जेवायला तासभर उशिरा पोचलो. इथं लोक पाच मिनिटं आधी येऊन दाराबाहेर थांबतात, त्यामुळे आम्हाला कॉफी आणि उरलेला केक मिळाला. दुसरं, 'मील'. तो इंग्रजी मैल नाही, पुरे दहा किलोमीटर. पुणे-सोलापूर सुमारे 25 मील, असं म्हणायचं. "जवळच आहे, एक मील" म्हटलं की चपला घालू नका, बसचं तिकीट काढा.

आणि फॉर्मवर 'गिफ्त' दिसलं तर भेट नव्हे. उच्चार 'यिफ्त', अर्थ विवाहित. तोच शब्द विषालाही आहे. ह्यांनी हे मला जरा जास्तच आनंदानं सांगितलं.

अजून एक, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. घरात रोज बोलली जाणारी भाषा मुलांना शाळेत शिकता यावी, अशी सोय इथं 1977 पासून आहे. एका नगरपालिकेत त्या भाषेची निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा. पाच मराठी पोरं मी आत्ता या जिन्यात उभी करते. शिक्षकाचं अडलंय. तुम्ही फक्त तीन महिन्यांसाठी येताय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.
आपली सून

ता. क. आत्यांना सांगा, पेढे आणि तूप बांधू नका. बाहेरून दुधा-मांसाचं काही सामानातून आणू देत नाहीत. शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ हवं तेवढं आणा. विमान आर्लांडाला किती वाजता पोचतं ते मराठीत कळवा, आकड्यात.