शालूचा डेल्टा-ई

पुनावळ्याच्या नव्या सोसायट्यांत संध्याकाळनंतर काही ठरलेले नमुने भेटतात. पार्किंगच्या रेषेवरून कमिटीला ईमेल लिहिणारे, टँकरचा हिशेब मागणारे, अंडरपासमध्ये पाणी साचले की ग्रुपवर पहिला व्हिडिओ टाकणारे. एक नमुना मात्र खाली उतरतच नाही. तो वर ड्राय बाल्कनीत, खिडकीला काळा पुठ्ठा लावून, आईवडिलांच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्कॅन करत बसलेला असतो. वॉशिंग मशीनच्या झाकणावर एलईडीचे पॅनेल, त्यावर पट्टी, आणि वर स्टँडला खाली मान घालून टांगलेला कॅमेरा. मशीन सुरू असले की फोटो हलतो, त्यामुळे घरातले कपडे कधी धुवायचे हे हल्ली तोच ठरवतो. "अहो, अजून किती वेळ?" या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले असते, "रंग जुळत नाहीये." हे उत्तर तो ज्या स्वरात देतो, त्या स्वरात इतर लोक डॉक्टरांचा निरोप सांगतात.

हा माणूस दिवसा काय करतो हे कळल्याशिवाय त्याचे रात्रीचे दुखणे कळत नाही. तो बहुधा निगडी-तळवडेमार्गे चाकणला जातो आणि तिथे पेंट शॉपच्या क्वालिटीत, किंवा गाड्यांना बंपर नि आरसे पुरवणाऱ्या एखाद्या व्हेंडरकडे असतो. गाडीचा पत्रा एका ठिकाणी रंगतो, प्लॅस्टिकचा बंपर दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही शेजारी बसले की गिऱ्हाइकाला सांधा दिसावा पण शेड वेगळी दिसू नये, यावर त्याचा पगार चालतो. त्यासाठी त्याच्याकडे ठरावीक दिवसउजेडाची लाइट बूथ असते, स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, आणि दोन रंगांतले अंतर एका आकड्यात सांगणारा डेल्टा-ई असतो. १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवून दिलेल्या मोजमापातून आलेला हा आकडा त्याच्या तोंडी इतका बसलेला असतो की भाजीवाल्याच्या दोन टोमॅटोंतही त्याला तो दिसतो. पण या सगळ्या सरंजामाच्या मुळाशी एक साधी वस्तू आहे: मास्टर पॅनेल. मान्य झालेल्या रंगाचा एक तुकडा, मागे सही, तारीख, मुदत. तो हातात असल्याशिवाय डेल्टा-ई काढताच येत नाही, कारण अंतर म्हटले की दोन टोके आली. माझे म्हणणे एवढेच आहे की आपला हा सद्गृहस्थ घरी जे शोधतो आहे त्याचे दुसरे टोक कधी नव्हतेच. आणि गंमत अशी की ही गोष्ट सोसायटीत सर्वांत आधी त्यालाच कळायला हवी.

निगेटिव्ह म्हणजे मळलेली कणीक, पोळी नव्हे. कोडॅकची सी-४१ प्रक्रिया १९७२ साली आली, आणि पुढे 'रोल धुवायला टाकला' असे आपण म्हणत असू तेव्हा बहुतेक वेळा तीच अभिप्रेत असे: ३७.८ अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटे. त्यातून निघालेली फिल्म माणसाने पाहावी म्हणून बनवलेलीच नव्हती; ती रंगीत कागदाने पाहावी म्हणून बनवली होती. तिचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी ठेवलेला, कारण कागदाचा जास्त होता. तिचा तो प्रसिद्ध नारिंगी रंगही डाग नाही, दुरुस्ती आहे. फिल्ममधले किरमिजी रंगद्रव्य फक्त हिरवा प्रकाश अडवण्याऐवजी थोडा निळाही खाते. सायन रंगद्रव्याच्याही अशाच खोडी असतात. कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात यावर उपाय काढला. रंगद्रव्य बनवणारे कपलर मुळातच रंगीत ठेवायचे, म्हणजे जिथे रंगद्रव्य तयार होते तिथे कपलरचा रंग जातो, आणि जिथे होत नाही तिथे उरतो. खोडी आणि उरलेला रंग यांची बेरीज सगळीकडे सारखी येते, आणि जे सगळीकडे सारखे ते छापताना वजा करता येते. इतका देखणा हिशेब केलेली वस्तू आपला माणूस "छे, किती पिवळी पडलीय" म्हणून पहिल्या रात्री झटकतो. पण वजाबाकीनंतरही प्रश्न उरतोच: प्रिंटमध्ये शेवटी किती लाल, किती पिवळे? ते ठरवायचा लॅबमधला ऑपरेटर. मशीनसमोर बसून सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटीची बटणे दाबत, तो एकेका फ्रेमकडे क्षणभर पाही आणि पुढे जाई. तुमच्या अल्बममधला मावशीचा शालू ज्या लाल रंगाचा आहे, तो लाल त्या क्षणी त्या माणसाने ठरवलेला आहे, आणि त्याने मावशीला कधी पाहिलेले नाही.

मग सॉफ्टवेअरला ठरवू द्या, असे कोणी म्हणेल. लॅबची मशीनेही बरेचसे आपापले ठरवत. त्यांच्या आणि आजच्या 'ऑटो' बटणाच्या मागे जुनाच आडाखा आहे, जो कोडॅकच्याच राल्फ इव्हान्स यांनी मांडला: जगातले सगळे रंग एकत्र घोटले तर सरासरी करडी येते, म्हणून फोटोचीही सरासरी करडी आणा, रंग आपोआप बसतील. हे रस्ता, झाडे, आकाश, चार माणसे अशा फोटोत बरेच खरे ठरते. हळदीच्या फोटोत काय होईल? नवरीच्या अंगावर हळद, साडी पिवळी, मांडवाला झेंडू, करवल्यांच्या गालांवरही हळद. सॉफ्टवेअर म्हणते, एवढा पिवळा असूच शकत नाही, ही फिल्मची चूक, आणि इमानेइतबारे सगळा पिवळा उपसून काढते. हळद उतरते आणि नवरी निळसर पडते. लाल शालूच्या फोटोत तेच लाल रंगाचे होते, आणि गुरुजी हिरवे दिसू लागतात. करड्या सरासरीचा आडाखा मांडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपला मांडव नव्हता, हे उघड आहे.

आपल्या माणसाचा खरा आक्षेप मात्र याहून वजनदार असतो, आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे. तो म्हणतो, फिल्मच्या कंपनीने डेटाशीट दिलेली आहे. कोणता थर कोणत्या तरंगलांबीला किती जागा होतो याचे आलेख आहेत. मग उलटे गणित करून मूळ प्रकाशापर्यंत का जाता येऊ नये? तत्त्वतः बरेच जवळ जाता येते, ताज्या फिल्मवर, माहीत असलेल्या प्रकाशात, काटेकोर धुलाई झालेली असेल तर. पण कपाटातल्या पट्टीचे तसे काहीच नाही. फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, साधारण ५५०० केल्विनसाठी बनवलेली. पुढच्या रांगेवर फोटोग्राफरचा फ्लॅश, मागच्या रांगेवर व्हिडिओवाल्याचा ३२०० केल्विनचा हॅलोजन, आणि कार्यालयाच्या भिंतीवर ट्यूबलाइट. एका फ्रेममध्ये तीन उजेड, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या तीन व्याख्या. वर कित्येक पावसाळे पट्ट्या लोखंडी कपाटात साड्यांखाली. तिन्ही रंगद्रव्ये काही एका वेगाने उडत नाहीत. आणि पाहणारा डोळाही बदलला आहे. रंगीत कागदाचा लाल थर ७०० नॅनोमीटरच्या आसपास पाहायचा; कॅमेऱ्याचा सेन्सर लाल म्हणतो तो ६०० च्या आसपासचा. साध्या पांढऱ्या एलईडीत तो गडद लाल जवळजवळ नसतोच. म्हणून काही जण आता लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे अरुंद दिवे लावून तीनदा फोटो काढतात. त्याने फरक पडतो, हे मान्य. रंग स्वच्छ सुटे होतात. पण स्वच्छ सुटे झालेले रंग बरोबर आहेत की नाहीत, हे सांगायला पुन्हा ते दुसरे टोक लागतेच.

मग शोध सुरू होतो फोटोतल्याच एखाद्या खात्रीच्या रंगाचा. व्याह्यांची पांढरी टोपी हा पहिला उमेदवार. पांढरे ते पांढरे, त्यावर क्लिक केले की काम झाले. पण लग्नाची टोपी नीळ घालून धुतलेली असते. तिला पांढरी मानून रंग साधले की टोपी पांढरी होते आणि उरलेले वऱ्हाड पिवळे. एसटीचा लाल कोणता, हे गाडी किती उन्हाळे डेपोत उभी होती त्यावर. जुनी प्रिंट पाहावी तर तीही फिकी पडलेली, आणि मुळात ती त्या अनोळखी ऑपरेटरची मर्जी. शेवटी साक्षीदार उरतात. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो.

"मावशी, तुझा शालू नेमका कोणता लाल होता गं?"

"अरे, डाळिंबी."

"डाळिंबी म्हणजे दाण्यासारखा की सालीसारखा?"

"थांब, काकांना विचारते, त्यांनीच पसंत केलेला... काका म्हणतात, हिरवा होता."

यावर काहींचे म्हणणे, मग एवढा जीव कशाला काढायचा? ज्याला जसा आवडेल तसा रंग लावा, नाहीतर सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. हे मला पटत नाही. मूळ रंग हाती नाही म्हणून सगळेच रंग सारखे, असे होत नाही. एकाच रोलमधल्या लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये नवरी आधी निळी आणि मग पिवळी दिसली, तर एक तरी चूक आहे हे सांगायला मावशी लागत नाही. आणि इथेच आपल्या माणसाचे क्वालिटीतले संस्कार कामी येतात, फक्त त्याने ते योग्य जागी लावायला हवेत. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर रोलभर एकच. दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीवरून तो नारिंगी रंग वजा करायचा, फोटोतल्या कशावरून नाही. ऑटो बंद. एका रोलला एकच उलटापालट, मग हळद असो वा वरात. उजेड बदलला तिथेच हात घालायचा. आणि काहीही केलेले नसलेली कच्ची फाइल बाजूला जपून ठेवायची, कारण पट्टी कपाटात आणखी उतरत जाणार आहे. यातून मूळचा रंग मिळत नाही, एकसारखेपणा मिळतो. बंपर आणि पत्रा यांच्याबाबत त्याची कंपनीही त्याच्याकडून तेवढेच मागते.

राहता राहिले मास्टर पॅनेल. नसेल तर मान्य करून घ्यावे लागते. चाकणमध्येही मास्टर आकाशातून पडत नाही, गिऱ्हाईक सही करते तेव्हाच तो मास्टर होतो. घरातही रोलमधली एक फ्रेम निवडून, जी लग्नाला हजर होती तिच्यासमोर स्क्रीन धरून, पास करून घ्यायची आणि बाकीच्या फ्रेम तिला जुळवायच्या. सोपा उपाय आहे. अडचण एवढीच की इथे गिऱ्हाइके दोन आहेत. आईने पास केलेली हळद मावशीला फार भडक वाटते, मावशीचा शालू आईच्या मते "इतका काही महागातला नव्हता," आणि दोघींनी आपापल्या मोबाइलवर ब्राइटनेस वेगळा ठेवलेला आहे. सध्या त्याच्या हार्ड डिस्कवर 'लग्न फायनल आई' आणि 'लग्न फायनल मावशी' असे दोन फोल्डर आहेत, आणि काकांनी हिरव्या शालूचे काय झाले म्हणून कालच विचारले आहे.